उद्योजक घडवणाऱ्या वर्गाचा मूळपुरुष

उद्योजकता विकास कार्यक्रमाच्या वर्गात पुष्कळदा रिंगा फेकण्याचा खेळ असतो. समोर एक खुंटी, हातात काही रिंगा. किती अंतरावरून फेकायच्या, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. प्रकल्प अहवाल, कर्ज आणि परवान्यांवरच्या व्याख्यानांमधला हा विरंगुळा, अशी बहुतेकांची समजूत होते. वंशावळ चाळली तर हा खेळच या वर्गाचा मूळपुरुष निघतो; व्याख्यानं मागाहून आली. ती आली तेव्हा वर्गाची सोय वाढली, पण हा वर्ग नेमका कुणाच्या उपयोगाचा, हे हळूहळू विसरलं गेलं.

या घराण्याचा उगम मानसशास्त्रात आहे. हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी 1935 मध्ये एक चाचणी मांडली: संदिग्ध चित्र दाखवायचं आणि त्यावर गोष्ट रचायला सांगायची. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी पुढे अशा गोष्टींतून ‘काहीतरी उत्तम करून दाखवायचंच’ ही ओढ मोजायला सुरुवात केली. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तिला संपादन-प्रेरणा म्हणतात. ही ओढ ज्यांच्यात जास्त, ते रिंगा फेकताना खुंटीला चिकटून उभे राहत नाहीत, कारण तिथं जिंकण्यात काही राम नाही. फार लांबूनही फेकत नाहीत, कारण तिथं सगळा नशिबाचा खेळ. अवघड, पण आपल्या हातात असलेलं मधलं अंतर ते निवडतात. धंद्यातली जोखीमही अशीच घ्यावी लागते, असं मॅक्लेलंड यांचं म्हणणं. 1961 च्या पुस्तकात त्यांनी देशोदेशीच्या शालेय वाचनपुस्तकांतल्या गोष्टी तपासून ही प्रेरणा थेट राष्ट्रांच्या आर्थिक वाढीशी जोडली. तो दावा पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. पण ही प्रेरणा मोठ्या माणसांना शिकवता येते का, हा छोटा प्रश्न उरला आणि त्याची परीक्षा भारतात झाली.

1964 मध्ये आंध्रातल्या काकिनाडा या बंदराच्या गावचे व्यापारी आणि कारखानदार हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत सुमारे दहा दिवसांच्या वर्गाला आले. त्यांनी चित्रांवर गोष्टी लिहिल्या, त्यांना गुण कसे देतात ते शिकले, मग त्याच ओढीच्या गोष्टी पुन्हा लिहिल्या; खेळ खेळले, स्वतःची उद्दिष्टं मांडली. पुढच्या दोन वर्षांत प्रशिक्षितांपैकी जवळपास निम्म्यांनी धंद्यात काही लक्षणीय हालचाल केली. वर्गाला न गेलेल्यांत हे प्रमाण पावाच्या आसपास राहिलं. जुने रीतिरिवाज पाळणारेही मागे पडले नाहीत. मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी 1969 मध्ये हे सारं पुस्तकरूपानं मांडलं. त्यातला एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो: बदल दिसला तो मुख्यतः ज्यांच्या हाती स्वतःच्या धंद्याचा कारभार होता, त्यांच्यात.

यावर पहिला आक्षेप असा, की वर्गाला जाणारा माणूस मुळातच उत्साही असणार. तो रास्त आहे. काकिनाड्याचा गट लहान होता आणि तुलना आजच्या कसोटीला पुरी उतरणारी नाही. पण 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोगो देशातल्या प्रयोगात ही पळवाट उरली नाही. 1500 छोट्या व्यावसायिकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत विभागणी केली होती. हिशेब, विक्री वगैरे नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात भरवशानं सांगावी अशी वाढ दिसली नाही. पुढाकार घेण्याचं मानसशास्त्रीय प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सुमारे 30 टक्के वाढला. इथंही सगळे आधीच धंद्यात असलेले होते, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: भांडवल आणि परवाना नसेल तर नुसती ओढ काय कामाची? गुजरातेत 1970 च्या सुमारास याच विचारानं वर्गाचं रूप पालटलं. नवख्यांची निवड, प्रकल्पाची आखणी, कर्जाची वाट असं सगळं त्याला जोडलं गेलं. त्या अनुभवातून 1983 मध्ये अहमदाबादची भारतीय उद्योजकता विकास संस्था उभी राहिली आणि 1988 मध्ये महाराष्ट्रानंही आपलं उद्योजकता विकास केंद्र काढलं. नवख्याला कर्जाची वाट दाखवणं गरजेचंच होतं. मात्र काकिनाड्याचा पुरावा नवख्यांबद्दलचा नव्हताच. कोरा माणूस दहा दिवसांत कारखानदार होतो, असं त्यानं कधी सिद्ध केलं नाही. त्यानं दाखवलं ते एवढंच, की चालत्या धंद्याचा मालक जोखमीकडे वेगळ्या नजरेनं पाहायला शिकू शकतो. म्हणून वर्गात किती नवे उद्योजक घडले, ही मोजणी अपुरी आहे. वर्षानुवर्षं एकाच आकाराच्या राहिलेल्या गिरण्या, वर्कशॉप आणि दुकानांच्या मालकांना या वर्गात आणून बसवलं, तर पदरात असलेल्या पुराव्याचा खरा उपयोग होईल.