आधी तिथी, मग तारीख: मुलांना घेऊन जंजिऱ्याला जाताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण सुरू होते माझ्या फजितीपासून. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. "मुलांना बेट दाखवायचंय. अंदमान बघितलं, मालदीव बघितलं, बजेट बघून लॅपटॉप बंद केला." मी म्हटलं, अगं, आपलं गाव बोर्ली पंचतन, तिथून दिघीचा धक्का हाकेच्या अंतरावर, आणि दिघीसमोर खाडीच्या तोंडावर जंजिरा. नारळ, समुद्र, होडी, वर तोफा. अजून काय पाहिजे? आणि राहायला आजीचं घर आहेच, फुकट.

मग मी माझ्या स्वभावाला जागलो. गुगल शीट केली. माणसं नऊ, त्यात दोन लहान: नऊ वर्षांचा भाचा आणि सहा वर्षांची भाची. कोण कुठे बसणार, नाश्ता कधी, होडी कधी, सगळं पंधरा-पंधरा मिनिटांत बसवलेलं. शाळेच्या सुट्ट्या, ताईची रजा, भाऊजींची रजा, माझ्या प्रोजेक्टचं रिलीज, हे सगळं जुळवून तारीख निघाली २८ मे. त्या शीटमध्ये सगळ्यांचं कॅलेंडर होतं, समुद्राचं सोडून.

दिघीला पोचलो तर होड्या ओढून ठेवलेल्या. एक तांडेल जाळं आवरत होता. म्हणाला, "आता बंद झालं दादा. गणपतीच्या आसपास या." मी वर बघितलं, आकाश निळंशार. मी त्याच्याशी वाद घातला, हे सांगायला आज लाज वाटते. तो काही बोलला नाही, फक्त खाडीच्या तोंडाकडे हात केला. तिथे पाणी लांबवर फुगून येत होतं आणि खडकावर पांढरं होऊन फुटत होतं. वारा नव्हता, तरी.

आणि मग ते झालं ज्यासाठी हा भाग करतोय. बाजूला एक जण आला, जास्तीचे पैसे दिले तर आपल्या छोट्या होडीतून "पटकन फिरवून आणतो" म्हणाला. मी खिशात हात घातला होता. ताईने विचारलं, "हिच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का?" नव्हतं. मोठ्यांचीही दोनच. ताई मुलांना घेऊन सरळ गाडीत जाऊन बसली. भाची घरी येईपर्यंत रडली. आजीने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मेच्या शेवटाला कोण जातं रे होडीतून?"

तर त्या पावसाळ्यात मी जंजिऱ्याबद्दल मिळेल ते वाचलं. आणि लक्षात आलं की समुद्राच्या वेळापत्रकाने माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसांनाही परत पाठवलंय.

थोडक्यात पार्श्वभूमी. 'जंजिरा' हे अरबी 'जझीरा'वरून आलं, म्हणजे बेट. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता असं सांगतात. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेला आणि सतराव्या शतकात सिद्दींच्या हातात स्थिरावला. सिद्दी म्हणजे पूर्व आफ्रिकेतून, हबसाणातून आलेले लोक. कुणी गुलाम म्हणून आणलेले, कुणी खलाशी, कुणी शिपाई. त्यातले काही इथे सरदार झाले. मलिक अंबर त्यातलाच. एकाच देशातून साखळदंडात आलेली माणसं दुसऱ्या देशात किल्ले राखतात, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलं जातं.

शिवाजी महाराजांनी १६५७ पासून जंजिऱ्यावर एकामागून एक मोहिमा काढल्या. १६७० च्या सुमाराला तर किल्ला हातात येणारच होता. फत्तेखान तडजोडीला तयार झाला, पण त्याच्याच माणसांनी त्याला बाजूला केलं आणि सिद्दी थेट औरंगजेबाच्या आश्रयाला गेले. तिथून पुढे त्यांना मुघलांचा पैसा आणि जहाजं मिळायला लागली. म्हणून 'भिंती मजबूत होत्या म्हणून किल्ला पडला नाही' हे उत्तर मला अर्धंच वाटतं. चहूबाजूंनी पाणी असलेल्या दगडावर माणसं भिंत खाऊन जगत नाहीत. धान्य, दारूगोळा, पगार हे बाहेरून येत राहिलं म्हणून किल्ला टिकला. गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव मात्र आतच आहेत, आणि माझ्या मते तोफांपेक्षा तेच जास्त बघण्यासारखे आहेत. कलाल बांगडी तोफेपाशी सगळे फोटो काढतात, तलावापाशी कुणी दोन मिनिटं थांबत नाही.

आता वेळेची गंमत बघा. १६७१ च्या होळीच्या रात्री दंडा-राजपुरीतले मराठे सणाच्या गडबडीत असताना सिद्दी कासीम चालून आला आणि ते ठाणं गेलं. १६७६ च्या सुमाराची लाय पाटलाची गोष्ट तर ऐकलीच असेल. परंपरेने असं सांगतात की रात्री त्याने आपल्या माणसांसह तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंत पिंगळ्यांच्या सैन्याची वाट बघत राहिला. सैन्य वेळेत आलं नाही, उजाडायला लागलं, शिड्या काढून परत फिरावं लागलं. महाराजांनी त्याच्या धाडसासाठी पालखी देऊ केली, तर म्हणाला, मला होडीच बरी. आमच्या ऑफिसात दोन टीमचं काम एका वेळी जुळलं नाही की मी हल्ली 'शिड्या लागल्यात, मोरोपंत कुठे आहेत?' असं लिहितो. कुणाला कळत नाही.

१६८२ च्या जानेवारीत संभाजी महाराजांनी वेगळाच मार्ग काढला: किनारा आणि बेट यांच्यातली खाडीच दगड-लाकूड टाकून बुजवायची. दिवसाला दोनदा भरती, दोनदा ओहोटी, मधे खोल पाणी, आणि तिथे भराव! काम चालू असतानाच मुघलांची फौज कल्याणच्या बाजूला उतरली आणि महाराजांना परत फिरावं लागलं. बेट बेटच राहिलं. पुढे १७३३ मध्ये बाजीरावांच्या मोहिमेतही रायगड परत मिळाला, जंजिरा नाही.

पण मला सगळ्यात जास्त थांबवलं ते एका साध्या गोष्टीने. पावसाळ्यात सिद्दींचं आरमारही थांबायचं. १६७० नंतरच्या काळात ते मुंबई बंदरात, माझगावच्या बाजूला नांगर टाकून बसायचं. त्यावरून इंग्रजांची चांगलीच पंचाईत व्हायची, कारण सिद्दीला आसरा दिला तर महाराज रागावणार आणि नाही दिला तर औरंगजेब. म्हणजे ज्यांचं अख्खं आयुष्य समुद्रावर गेलं, ते जूनमध्ये किनारा गाठत होते, आणि मी दिघीला उभा राहून "आकाश निळं आहे ना" म्हणत होतो!

आजीच्या लहानपणी आमच्याकडे या बाबतीत एक नाव दबक्या आवाजात घेतलं जायचं: 'रामदास'. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट भर पावसात उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक सणासाठी घरी निघालेली कोकणातली. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. यापुढे काही बोलत नाही. मेच्या शेवटापासून ऑगस्ट संपेपर्यंत जंजिऱ्याच्या होड्या का बंद असतात, असं कुणी विचारलं तर मी आता हे सांगतो.

मग आम्ही दुसऱ्यांदा गेलो. या वेळी प्लॅन आजीने केला, आणि शीटशिवाय. तिने आधी कालनिर्णय काढलं. म्हणाली, तारीख नंतर, आधी तिथी बघ. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, साधारण तितक्या वाजता भरती भरते. आजीला पाऊणकीचा पाढा अजून पाठ आहे. आठ पाऊणे सहा. म्हणजे अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आधी-नंतर भरती. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. मी अ‍ॅपवर ताडून बघितलं, अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतं. भाच्याला तर हे जादूसारखं वाटलं, त्याने महिन्याभराचं टेबल करून फ्रिजवर लावलंय.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याची चढउतार मोठी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी ओढतं. लहान मुलं बरोबर असतील तर हा फरक कुठे कळतो? किल्ल्याच्या दाराशी. होडी पायऱ्यांपाशी येते, पण वरखाली होत असते, आणि शेवाळलेल्या पायरीवर नेमक्या क्षणी पाय टाकायचा असतो. मोठ्यांची धांदल उडते तिथे सहा वर्षांच्या मुलीचं काय. म्हणून आम्ही जानेवारीतल्या एका अष्टमीजवळचा शनिवार धरला. मुलांनी शाळा एक दिवस बुडवली. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आम्ही मुंबईहूनच नेली, वाद नको. पाणी आणि पोळी-भाजीचे डबे बोर्लीहूनच, कारण आत पोटभर जेवण मिळेल असं धरून चालू नका. टोप्या घ्या, तटावर सावली नाही. शुक्रवारी जाणार असाल तर नमाजाच्या वेळी होड्या थांबतात का ते आधी विचारा. राजपुरीहून अंतर कमी आहे. दिघीहून जरा जास्त, पण बोर्ली-दिवेआगरला राहणाऱ्यांना तेच सोयीचं.

मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, हे खरंय. भाचा शोधत राहिला आणि आधी भाचीला दिसला. आत शिरताना सिंहाने हत्ती पकडलेलं शिल्प आहे, तिथे मुलं रमली. तटावर चढल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, सिद्दी व्हिलन होते ना?"

मी 'हो' म्हणणार होतो. पण आमचं बोर्ली, तो अख्खा श्रीवर्धनचा भाग, म्हसळा, मुरुड, सगळं जंजिरा संस्थानात होतं. पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे, सिद्दीशी बिनसल्यावर त्यांना गाव सोडावं लागलं. पण जे राहिले, ते पिढ्यान्‌पिढ्या सिद्दींच्याच राज्यात राहिले. संस्थान १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, मग कुलाबा जिल्हा, मग १९८१ मध्ये त्याचं नाव रायगड झालं. आजीचा जन्म नवाबाच्या राज्यातला. त्याला म्हटलं, "घरी गेलो की पणजीला विचार, व्हिलनच्या राज्यात कसं वाटायचं." तो गप्प झाला. बघू, काय उत्तर आणतो.

तटावरून समुद्रात आणखी एक छोटा किल्ला दिसतो, पद्मदुर्ग. जंजिऱ्याच्या समोर कांसा बेटावर महाराजांनी तो उभारायला घेतला. त्याबद्दलचं महाराजांचं १६७५ च्या जानेवारीतलं पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांनी पद्मदुर्गासाठीची रसद वेळेवर पाठवली नाही, म्हणून त्यात त्यांना कडक शब्दांत खडसावलंय. तलवारीचं नाही, सामान पोचवण्याचं पत्र. मी मुलांना ते सांगत होतो तोवर खालून तांडेलाने हाक मारली, वेळ झाली, पाणी उतरतंय. भाची पायऱ्या उतरता उतरता परत परत तेच विचारत होती: "मग त्यांना जेवण मिळालं का शेवटी?"