मोतमाउलीच्या डोंगराची वाट



पैनगंगेच्या कांठचे आपण लोक. आपल्यापैकीं जे मुंबईस जातात, ते वांद्र्याचा डोंगर चढून पवित्र मरियेचें दर्शन घेतल्यावांचून सहसा परतत नाहींत. हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारें ८० मीटर उंच. चढण थोडक्या वेळांत सरते, आणि माथ्यावरून अरबी समुद्राचा अफाट विस्तार व २००९ सालीं खुला झालेला वरळीचा सागरी सेतु दृष्टीस पडतो. परंतु ही वाट कोणीं राखिली, याचा विचार चढतांना क्वचितच मनांत येतो. ज्युबिलीच्या या वर्षीं तो करूं या.

सोळाव्या शतकांत येशूसंघीय धर्मगुरु वांद्र्यास आले व त्यांनीं मरियेची मूर्ति येथें आणिली. १६४० च्या सुमारास डोंगरावर लहानसें प्रार्थनामंदिर उभें राहिलें. पुढें इ. स. १७०० च्या सुमारास लुटारूंनीं सोन्याच्या लोभानें मूर्तीचा उजवा हात तोडिला, असें सांगतात. १७३७ पासून साष्टींत युद्धाची धामधूम माजली, १७३९ सालीं वसई पडली, आणि या काळांत डोंगरावरील मंदिराचीही दशा झाली. १७६० च्या सुमारास तें पुन्हां बांधण्यांत आलें. एका कोळ्यास स्वप्नांत दृष्टांत झाला व समुद्रांत तरंगत असलेली मरियेची मूर्ति त्यास सांपडली, ही कथा याच काळांतील. कोळी लोक आजही तिला मोतमाउली म्हणतात.

त्या वेळीं माहीम व वांद्रें यांमध्यें खाडी होती, आणि यात्रेकरूंस नावेनें जावें लागे. मरियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला, म्हणजे पावसाळा सरण्यापूर्वींच येतो. तेव्हां तें पाणी किती धोक्याचें असेल, हें सांगावयास नको. १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथें रस्ता बांधण्यांत आला. त्यासाठीं प्रथम १,५७,००० रुपयांची देणगी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई या पारशी बाईंनीं दिली. आजची इमारत १९०४ सालची. तिचे शिल्पकार शापूरजी चंदाभाई हेही पारशीच. १९५४ सालीं पोप बारावे पायस यांनीं या मंदिरास बॅसिलिकेचा मान दिला. सणाच्या आठवड्यांतील जत्रेस हिंदु, पारशी, मुसलमान, सारेच येतात.

यांत आपणांसाठीं मोठा बोध आहे. आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ सालीं स्थापन झाला. वाशीम जिल्ह्यांत आपण थोडेच आहों, आणि थोडक्यांस वाटतें कीं आपलें जें कांहीं आहे तें केवळ आपल्याच बळानें टिकलें. वांद्र्याचा डोंगर तसें म्हणत नाहीं. कोळ्यांच्या श्रद्धेनें व पारशी बाईच्या द्रव्यानें माउलीची वाट मोकळी राहिली. ज्युबिलीचे दिवस हे आपल्याच पुण्याईची मोजदाद करण्याचे दिवस नव्हेत. ज्या अन्यधर्मीय शेजाऱ्यांनीं अडचणीच्या वेळीं आपणांस हात दिला असेल, त्यांचीं नांवें घरोघरीं वडील मंडळींनीं मुलांस सांगावीं, व मिस्साबलींत त्यांच्यासाठीं प्रार्थना करावी.

पवित्र मरिया स्वतः गरोदर असतां एलिसाबेथीच्या साह्यास डोंगराळ प्रदेशांत त्वरेनें गेली. तिच्या लेंकरांनींही शेजाऱ्याच्या दारीं जाण्यास विलंब लावूं नये, हीच या शुभप्रसंगीं आमची विनंति.