आट्यांवरून ओळख

श्रोतेहो, आज मी आपल्याशी युरोपातल्या जुन्या सायकलींविषयी बोलणार आहे. इतिहासाच्या मास्तराने सायकलीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ताम्रपट काय आणि सायकल काय, जुनी वस्तू हातात आली की पहिला प्रश्न एकच : ही कुठली आणि केव्हाची? आणि दोन्हीकडे धोकाही एकच. घाईने घासून लखलखीत करायला जावे, तर पुरावाच पुसला जातो.

हे मी पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या चुकीतून शिकलो. आमच्या आजोबांची रॅले सायकल माळ्यावर कित्येक वर्षे पडून होती. आजोबा प्राथमिक शिक्षक होते आणि शाळेला त्याच सायकलीवरून जात. मी ती खाली काढली, रॉकेलने धुतली आणि तालुक्याच्या गावी एका दुकानात नेली. पायडलांचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो, तिला कारागीर 'बीबी' म्हणतात. तिच्या दोन्ही तोंडांना छर्रे धरणाऱ्या वाट्या आट्यांवर बसवलेल्या असतात. त्यांतली एक झिजली होती. कारागिराने बाजारातली नवी वाटी लावली. ती दोन फेरे गेली आणि अडली. मीच म्हटलं, "जरा जोर लावा की!" त्याने पान्याला लांब नळी अडकवून जोर लावला. वाटी आत गेली खरी, पण नळीतले जुने आटे कापत गेली. आठ दिवसांत ती डुगडुगू लागली.

झाले होते असे. इंग्लंडातल्या बहुतेक कारखान्यांत या वाटीला एका इंचात २४ आटे पाडीत. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने मात्र बराच काळ आपले वेगळे माप चालवले, इंचाला २६. दोन आट्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पोलादाला मात्र तो बरोबर कळतो.

त्यानंतर मी या आट्यांच्या मागेच लागलो. इंग्लिश वाटीचा व्यास १.३७ इंच, आणि उजवीकडच्या वाटीचे आटे उलटे. पायडल मारता मारता ती सैल होऊ नये म्हणून ही युक्ती. डाव्या पायडलाचे आटेही उलटे असतात, ते याच कारणाने, आणि हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. फ्रेंचांचे माप मिलिमीटरचे : ३५ मिलिमीटर व्यास, एकेका मिलिमीटरवर एक आटा, आणि दोन्ही वाट्या सुलट्या. स्वित्झर्लंडने माप फ्रेंचांचे घेतले, पण उजवी वाटी उलटी ठेवली. इटालियनांची तऱ्हा तर सगळ्यांत मौजेची. व्यास ३६ मिलिमीटर आणि आटे मोजायचे इंचावर, इंचाला २४! मेट्रिक आणि इंच एकाच वाटीत नांदतात. आता अशी सायकल कुणी इंग्लिश समजून खोलू लागला, तर जितका जोर लावील तितकी वाटी घट्ट होत जाईल.

वाटी खोलण्याआधीही काही खुणा दिसतात. पायडलाच्या आसावर अक्षर कोरलेले असते. उजव्यावर 'आर' आणि डाव्यावर 'एल' असेल तर पायडल बहुधा इंग्लिश. फ्रेंच कारागीर 'डी' आणि 'जी' लिहितो, इटालियन 'डी' आणि 'एस', कारण त्यांच्या भाषेत उजव्या-डाव्याचे शब्द तसे आहेत. मग चाकाच्या तारा मोजा. जुन्या इंग्लिश सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४०. फ्रान्स-इटलीत बहुधा दोन्हीकडे ३६. आपल्या गावातल्या काळ्या सायकलीच्या तारा आज घरी गेल्यावर मोजून पाहा. ३२ आणि ४० भरल्या, तर ती रीत कुठून आली हे मी सांगायला नको.

ही इंग्लिश रीत आपल्याकडे फार लवकर आली. बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले ते १८८८ साली. डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले तेही त्याच वर्षी. स्वातंत्र्यानंतर तर कारखानेच इकडे आले. मद्रासजवळ अंबत्तूरला १९५१ पासून हर्क्युलिस बनू लागली, आणि आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला. तेव्हा पुढच्या नळीवरच्या नावाच्या पट्टीवर फार विश्वास ठेवू नये. खुद्द इंग्लंडातही पट्टी एक आणि कारखाना दुसरा, असा प्रकार झाला. हंबर सायकल १९३२ साली रॅलेने घेतली, रज १९४३ साली, बीएसए १९५७ साली. शेवटी १९६० साली रॅलेच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहात गेली. हर्क्युलिस त्या समूहाकडे आधीपासूनच होती. पट्ट्या मात्र जुन्या नावांच्याच राहिल्या. पुढच्या दातेरी चक्रातले चित्र त्यातल्या त्यात पाहण्याजोगे : रॅलेचा बगळा, बीएसएच्या तीन बंदुका (ती मुळात बंदुकांचीच कंपनी), रजचा उघडा पंजा. पण चक्रही बदलता येते, बरं का.

आजोबांच्या सायकलीत खरी गंमत मागच्या चाकात निघाली. त्याचा हब चांगला नारळाएवढा. त्यावर स्टर्मी-आर्चर हे नाव, 'एडब्ल्यू' ही अक्षरे, आणि खाली आकडे ५४ व ९. हा तीन गतींचा हब. नॉटिंगहॅमची ही कंपनी १९०२ पासूनची आणि एडब्ल्यूची घडण १९३६ सालची. आत आसाला पक्के बसवलेले २० दात्यांचे चाक, त्याभोवती फिरणारी चार लहान चाके, आणि सगळ्यांना वेढणारे ६० दात्यांचे कडे. सूर्य आणि ग्रह म्हणा ना! साखळीची ताकद ग्रहांना दिली आणि कड्याकडून घेतली, तर चाक एकाऐवजी एक आणि एक तृतीयांश फेरा करते. कड्याला दिली आणि ग्रहांकडून घेतली, तर पाऊणच. सपाटीला सरळ गती, चढाला पाऊण, उताराला सव्वापेक्षा थोडी अधिक. या हबाला एक छोटे भोक असते. त्यात अधूनमधून चार थेंब तेल सोडले, की तो पिढ्या काढतो.

त्या आकड्यांचा अर्थ १९५४ साल, महिना नववा. इथेच घोटाळा झाला. घरात सगळे सांगत की सायकल १९५१ ची, आजोबा नोकरीला लागले त्या वर्षीची. मग खोटे कोण, घर की हब? उलगडा आत्याने केला. ती म्हणाली, "अरे, त्यांची बदली घाटाखालच्या शाळेत झाली ना, तेव्हा मुंबईहून मागचं चाक मागवलं होतं." एका भागाची तारीख म्हणजे साऱ्या सायकलीची तारीख नव्हे. मी चाक 'मूळचे नाही' म्हणून काढून टाकले असते, तर आजोबांच्या बदलीचा एकमेव पुरावा भंगारात गेला असता.

घाट चढायची अडचण युरोपातही तीच होती. सेंत एतिएनचा पॉल द व्हिव्ही, लोक त्याला व्हेलोसिओ म्हणत, साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरचा जन्मभर प्रचार करीत राहिला. तो १९३० साली वारला. तूर द फ्रान्स या मोठ्या शर्यतीत तसला गिअर सर्वांना वापरू दिला तो १९३७ साली. तोपर्यंत शर्यतवाले घाटाच्या पायथ्याशी उतरत आणि मागचे चाक काढून उलटे लावीत, कारण चाकाच्या दोन बाजूंना दोन मापांची चक्रे असत. १९२७ साली इटलीत क्रोचे दाउनेच्या घाटात बर्फात गारठलेल्या बोटांनी तुल्लिओ काम्पान्योलोला चाकाचे नट सुटेनात, आणि त्यातून एका खटक्यासरशी चाक सोडणारा दांडा निघाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी.

त्याचा पुढचा गिअर, कांबिओ कोर्सा, मला तर अचाटच वाटतो. मागच्या उजव्या नळीवर दोन दांडे. स्वाराने चालत्या सायकलीवर पाठीमागे हात न्यायचा, एका दांड्याने मागचे चाक सैल करायचे, दुसऱ्याने साखळी सरकवायची, आणि हे करताना पायडल उलटे मारायचे! चाक आपोआप पुढेमागे होऊन साखळी ताणली जाई. जिनो बार्ताली १९४८ ची तूर याच गिअरवर जिंकला. चाक सरळ सरकावे म्हणून, आस जिथे बसतो त्या पट्टीच्या खाचेत बारीक दाते कापलेले असत. गिअर हरवला, रंग उडाला, पट्टी गेली, तरी त्या दात्यांवरून सायकल ओळखता येते. कुणी ते दाते खडबडीत लागतात म्हणून कानस मारली, की संपले. रंगाचेही तसेच आहे. १९३४ च्या तूरमध्ये आंतोनँ मान्यने माव्हिकच्या हलक्या धातूच्या रिमा वापरल्या आणि कुणाला कळू नये म्हणून त्यांना लाकडाचा रंग दिला, असे सांगतात. तो 'घाणेरडा' रंग खरवडणारा माणूस नेमकी बातमीच खरवडून टाकील.

आता आमच्या बिघडलेल्या वाटीचे काय झाले ते सांगतो. पुण्यात जुन्या सायकली जमवणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी नळीत बोट फिरवून पाहिले आणि म्हणाले, "इंग्लिश आटे गेलेत. पण इटालियन माप थोडं मोठं आहे. नळी खरवडून तेच आटे पाडता येतील." हा उपाय तिकडेही करतात. मला मात्र महिनाभर निर्णय होईना. नॉटिंगहॅमच्या सायकलीच्या पोटात इटालियन आटे! पन्नास वर्षांनी कुणी खोलून पाहील, तर काय समजेल? पण सायकल माळ्यावर पुन्हा टाकायचीही नव्हती. अखेर आटे पाडून घेतले. उजवी वाटी आता सुलटी आहे, ती अधूनमधून आवळावी लागते.

रंग मी दिला नाही. आजोबांच्या हातांनी झिजलेले हॅण्डल तसेच आहे. आणि सीटखालच्या नळीत एक कागद गुंडाळून ठेवला आहे. त्यावर तीन ओळी लिहिल्या आहेत : मागचे चाक १९५४ चे, घाटासाठी मागाहून बसवलेले, बीबीचे मूळ आटे इंचाला २६, माझ्या घाईने गेले, आताचे आटे इटालियन मापाचे. खाली तारीख आणि माझी सही.