घाटमाथ्यावरचं आरमार

आमच्या शाखेतले एक सहकारी एलटीसीवर अंदमानला गेले आणि येताना शिडाची होडी चालवायला शिकून आले. तेव्हापासून काउंटरवरचा पंखासुद्धा त्यांना नुसता पंखा वाटत नाही. वारा कुठल्या अंगानं येतोय ते आधी बघतात. या बेटावरून त्या बेटावर आठ दिवस हिंडून त्यांनी आणलेलं मुख्य ज्ञान असं : वारा ज्या दिशेनं येतो त्या दिशेला होडी सरळ नेता येत नाही. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, अशी नागमोडी काढत न्यावी लागते. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे शिकायला अंदमानपर्यंत जावं लागावं, याचं मला नवल वाटलं; पण बोललो नाही.

"तुमच्या लोणावळ्यात कसलं आलंय शीड!" हे त्यांचं पुढचं वाक्य मात्र मला गिळवलं नाही.

वास्तविक आमचा डोंगर आणि दर्या यांचं नातं जुनं. नौदलाची इंजिनांची शाळा, आय. एन. एस. शिवाजी, १९४५ पासून लोणावळ्यातच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच. कितीही मोठी भरती येवो, प्रशिक्षणार्थींचे पाय काही भिजायचे नाहीत. पण ती झाली इंजिनांची गोष्ट. शिडाची गोष्ट त्याहून मागची.

शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती १६५७ साली. मावळ्यांना कडा चढायचा म्हटलं तर रात्र पुरे. पण जहाज बांधायचं कसं? १६५९ मध्ये पोर्तुगीज कारागीर कामाला लावले. वसईच्या पोर्तुगीजांच्या पोटात दुखलं, त्यांनी आतून कळ फिरवली आणि कारागीर काम टाकून निघून गेले. ज्यानं आयुष्यात एकदा तरी घर बांधायला काढलंय, त्याला हा इतिहास समजावून सांगावा लागत नाही. पुढे काम निभावलं ते किनाऱ्यावरच्या कोळी-भंडाऱ्यांनी. १६७९ साली खांदेरी बेटावर मायनाक भंडारी ठाण मांडून बसला, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं पहारा देत होती आणि आपल्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून त्यांच्या नाकाखालून दाणागोटा पोचवत होत्या. आमच्या सहकाऱ्यांनी बेटं पाहिली ती लाइफ जॅकेट घालून, हे आपलं जाता जाता.

या शाळेतला सर्वांत हुशार विद्यार्थी म्हणजे कान्होजी आंग्रे. आडनाव मावळच्या डोंगरातल्या आंगरवाडीवरून पडलं असं सांगतात. वाढला मात्र सुवर्णदुर्गाच्या पाण्यावर. त्याची गुराबं आणि गलबतं हलकी. वारा पडला की गलबतांची वल्ही चालू, आणि गुराबाला दोर लावून ओढायचं. इंग्रजांचं जहाज मात्र तोफांसकट वाऱ्याची वाट बघत उभं. मग हे पिछाडीनं जाऊन धरायचे.

असा हा दर्याचा राजा ताराबाईंच्या बाजूनं उभा राहिला आणि घाट चढून आला. लोहगड घेतला, राजमाची घेतला, आणि शाहूमहाराजांनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच धरून ठेवलं. मग १७१३ च्या अखेरीस नवे पेशवे नेमले गेले, बाळाजी विश्वनाथ. हे पूर्वी चिपळूणला मिठागरावर कारकून होते म्हणतात. आता आली ना गंमत! कारकून तलवार उपसत नाही, आधी खातं बघतो. १७१४ साली वळवणला, म्हणजे आमच्या लोणावळ्यात, दोघांची बोलणी झाली. कान्होजीनं पिंगळ्यांना सोडायचं, शाहूमहाराजांचं म्हणवून घ्यायचं. त्याला सरखेलपद, दहा किल्ले आणि सोळा ठाणी. वसुली जवळजवळ शून्य, पण खातं आपल्या शाखेत आलं! वाऱ्यावर सरळ चाल करून न जाता नागमोडी जाणं ते हेच. पुढे कान्होजी १७२९ मध्ये वारला तोवर इंग्रज आणि पोर्तुगीज, वेगवेगळे आणि १७२१ मध्ये तर एकत्र येऊनही, त्याचं आरमार मोडू शकले नाहीत.

मोडलं ते घरच्यांनी. बाळाजी विश्वनाथांचे नातू नानासाहेब पेशवे आणि कान्होजीचा मुलगा तुळाजी यांचं बिनसलं. तुळाजी ऐकेना, हे खरंच; पण आजोबांनी जिथं बोलणी केली, तिथं नातवानं इंग्रजांना बोलावलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये जमिनीवर पेशव्यांची फौज आणि खाडीत वॉटसन-क्लाइव्हची जहाजं, अशा कोंडीत विजयदुर्गाखाली एका जहाजानं पेट घेतला. शेजारी दुसरं, त्याच्या शेजारी तिसरं. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. ती गुराबं पुन्हा बांधून द्यायला कुणी वसईहून येणार नव्हतं.

इंग्रजांनी आत शिरून खजिना आपसात वाटून घेतला. किल्ला पेशव्यांना परत मिळाला तो त्या वर्षाच्या अखेरीकडे, बरीच घासाघीस झाल्यावर. आणि बाणकोट व त्याखालची काही गावं इंग्रजांकडे राहिली ती राहिलीच. म्हणजे तिजोरी रिकामी करून झाल्यावर किल्ली परत, आणि किल्लीचे पैसे वेगळे.