पंककडून रॉककडे : 'द क्लॅश' आणि 'गिव्ह एम इनफ रोप' (१९७८)

१९७६-७७ मध्ये लंडनमध्ये उदयास आलेल्या पंक संगीताचा पाया नकारावर उभा होता. लांबलचक वादन, खर्चिक ध्वनिमुद्रण, श्रोत्यांपासून दूर गेलेले रॉक गायक हे सारे त्याने झिडकारले. 'द क्लॅश' या बँडने मात्र जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला. बँड विकला गेल्याचा आरोप तेव्हापासूनच त्यास चिकटला.

एप्रिल १९७७ मधील पहिला अल्बम खडबडीत होता. बँडच्या कार्यक्रमांची ध्वनियोजना पाहणारे मिकी फूट हेच त्याचे निर्माते होते. सीबीएसची अमेरिकेतील शाखा असलेल्या एपिकने तो रेडिओस अयोग्य ठरवून तेथे प्रकाशित करण्याचे नाकारले. दुसऱ्या अल्बमसाठी 'ब्लू ऑयस्टर कल्ट' या अमेरिकी हार्ड रॉक बँडचे निर्माते सँडी पर्लमन यांची योजना झाली, ती याच पार्श्वभूमीवर. जो स्ट्रमर व मिक जोन्स हे गिटारींचे व गायनाचे अधिकचे थर चढविण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेले. नवे ड्रमवादक टॉपर हेडन यांचे वादन अतिशय सफाईदार होते. पंकमध्ये अशी सफाई जवळजवळ दोषच मानली जाई. भरदार गिटारी व ठळक ड्रम यांमागे स्ट्रमर यांचा आवाज दबल्याची तक्रार अनेक समीक्षकांनी केली. ती निराधार म्हणता येत नाही. तथापि आशयाची धार बोथट झाली नव्हती : 'टॉमी गन' हे गीत दहशतवादाभोवतीच्या वलयाचाच समाचार घेते.

नोव्हेंबर १९७८ मध्ये प्रकाशित झालेला हा अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. ज्या बाजारपेठेसाठी ही झिलई चढविली गेली, त्या अमेरिकेत मात्र तो १२८ व्या क्रमांकावरच थांबला. याउलट, नाकारलेल्या पहिल्या अल्बमच्या सुमारे १ लाख प्रती तेथे केवळ आयातीच्या मार्गाने खपल्या! रेडिओची रुची आणि श्रोत्यांची रुची एकच, हे कंपनीचे गृहीतक येथे फोल ठरले. जुलै १९७९ मध्ये एपिकने तोच अल्बम, काही गीते बदलून, अखेर प्रकाशित केला.

डिसेंबर १९७९ च्या 'लंडन कॉलिंग'साठी बँडने पर्लमन यांच्याऐवजी गाय स्टीव्हन्स यांना निवडले आणि रेगे, स्का, रॉकबिली अशा जुन्या प्रवाहांकडे मोर्चा वळविला. अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत त्यांना २३ वे स्थान मिळवून दिले ते याच अल्बममधील 'ट्रेन इन व्हेन'ने.