डिकीतलं दुकान

टीशर्ट विकायचा धंदा सुरू करायला आज साधारण एक संध्याकाळ पुरते. फोनवर चित्र काढा किंवा चार शब्द लिहा, प्रिंट-ऑन-डिमांड कंपनीच्या साइटवर ते चढवा, इन्स्टाग्रामवर पान उघडा. झालं दुकान. माल विकत घ्यायचा नाही, छापायचा नाही, घरात रचून ठेवायचा नाही. ऑर्डर आली की कुठल्यातरी गोदामात एक टीशर्ट छापला जातो आणि परस्पर गिऱ्हाइकाच्या दारात पोचतो.

एवढं सगळं सोपं झालंय, तर मग अशा कितीतरी दुकानांची भवानी मित्रमंडळींकडूनच का होते, आणि पुढे गाडी का अडते? याचं उत्तर शोधायचं तर जरा मागे जावं लागतं. छोट्या टीशर्टवाल्याच्या हातात कधी काय होतं आणि त्यातलं काय केव्हा निसटलं, हे पाहावं लागतं.

आतला कपडा बाहेर येतो

टीशर्ट मुळात बनियन. अमेरिकेच्या नौदलाने १९१३ साली तो गणवेशाच्या आत घालायचा कपडा म्हणून स्वीकारला. दुसऱ्या महायुद्धात सैनिक उकाड्यात वरचा शर्ट काढून नुसत्या टीशर्टवर वावरू लागले. जुलै १९४२ मध्ये ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर असाच एक सैनिक झळकला. त्याच्या छातीवर हवाई दलाच्या बंदूक-प्रशिक्षण शाळेचं नाव छापलेलं होतं. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत थॉमस ड्यूई या उमेदवाराच्या प्रचाराचे टीशर्ट निघाले. ड्यूई हरला, पण त्याचा टीशर्ट आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९५१ साली मार्लन ब्रँडोने पडद्यावर टीशर्ट घातला आणि आतला कपडा कायमचा बाहेर आला.

पण छापील टीशर्ट कुणीही विकू शकेल, अशी सोय व्हायला अजून अवकाश होता. कापडावर छापायची पद्धत म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली जाळी, नको तिथे बुजवलेली छिद्रं, वरून शाई आणि रबराच्या पट्टीने मारलेला एक हात. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि दुकानाच्या पिशव्या याच पद्धतीने छापल्या गेल्या. अडचण रंगांची. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, आणि सगळ्या चौकटी एकमेकींवर तंतोतंत बसाव्या लागतात. मायकेल व्हॅसिलँटोन या अमेरिकन कारागिराने गोल फिरणारं, एकावेळी अनेक रंगांच्या चौकटी बसवता येतील असं यंत्र बनवलं. १९६९ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. असं यंत्र एका गॅरेजात मावत होतं. टीशर्टचा छोटा धंदा तिथून खऱ्या अर्थाने शक्य झाला.

त्याचं गणित मात्र निर्दय होतं. समजा, चार रंगांचं चित्र आहे आणि एक चौकट तयार करायला चारशे रुपये लागतात. म्हणजे पहिला टीशर्ट छापायच्या आधीच सोळाशे रुपये गेले. वीस टीशर्ट छापले तर नगामागे ऐंशी रुपये पडतात, दोनशे छापले तर आठ. म्हणून जास्त छापायचा मोह होतो. पण जास्त छापायचे म्हणजे किती? दहा चित्रं, दोन रंगांचं कापड आणि पाच मापं धरली तर शंभर प्रकार होतात. प्रत्येकाचे दहा नग म्हटले तरी हजार टीशर्ट. त्यातले ‘मीडियम’ आणि ‘लार्ज’ संपतात, टोकाची मापं पडून राहतात. पलंगाखाली खोक्यात पडून राहिलेला हा माल हाच या धंद्याचा जुना शत्रू.

दंड भरणारं दुकान

१९७१ साली लंडनमध्ये ४३० किंग्ज रोड या पत्त्यावर माल्कम मॅकलॅरेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांनी दुकान थाटलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी दुकानाचं नाव तीनदा बदललं. वेस्टवुड सुरुवातीला हातानेच टीशर्ट सजवायची. एका टीशर्टवर तिने उकळून साफ केलेली कोंबडीची हाडं साखळीने जोडून ‘रॉक’ हा शब्द लिहिला होता. हा माल कारखान्यात निघणारा नव्हता, आणि सगळ्यांना आवडावा असा त्यांचा हट्टही नव्हता.

१९७५ साली त्यांच्याकडचा एक टीशर्ट घालून रस्त्याने चाललेल्या तरुणाला पोलिसांनी पकडलं. टीशर्टवर कमरेखाली उघडे असलेले दोन काउबॉय होते. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अश्लील प्रदर्शनाबद्दल दुकानदारांना दंड झाला. टीशर्टच्या छोट्या धंद्याच्या इतिहासात हा खटला महत्त्वाचा आहे. छातीवर जे लिहिलंय त्याची जबाबदारी कुणाची, याचं उत्तर तिथे सरळ मिळत होतं. ज्यांनी बनवलं त्यांनीच विकलं, आणि त्यांनीच दंड भरला. हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच दशकात न्यूयॉर्कमध्ये उलटा प्रकार घडला. मिल्टन ग्लेझर या चित्रकाराने राज्याच्या पर्यटन मोहिमेसाठी लाल बदामाचं ते प्रसिद्ध चिन्ह काढलं. या कामाचे त्याने पैसे घेतले नाहीत. चिन्ह जगभरच्या टीशर्टांवर गेलं, त्याचे हक्क राज्याकडे राहिले. चित्र काढणारा एक आणि कमावणारा दुसरा, अशी ही फारकत होती. पुढच्या काळात ती या धंद्यात नेहमीची झाली.

पार्किंगमधला बाजार

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडचे चाहते त्यांच्या मागोमाग गावोगाव फिरायचे. वारीत दिंडी चालते तसे म्हणा हवं तर, फक्त जुन्या व्हॅनमधून. पुढच्या गावाचं पेट्रोल आणि तिकीट काढायला पैसे लागायचे. मग कार्यक्रमाबाहेरच्या पार्किंगमध्ये बाजार भरायचा. तिथे चीज सँडविच असायची, मणी-माळा असायच्या, आणि घरी बादलीत गाठी मारून रंगवलेले टीशर्ट. बँडच्या १९७८ च्या अल्बमवरून या बाजाराला ‘शेकडाउन स्ट्रीट’ हे नाव पडलं.

तिथला विक्रेता आणि गिऱ्हाईक एकाच गाण्यांवर वाढलेले. टीशर्टवरची सूचक ओळ समजावून सांगावी लागत नसे. जाहिरातीचा खर्च शून्य, कारण गर्दी गाण्यांनी जमवलेली. १९८७ मध्ये बँडचं एक गाणं अचानक खूप गाजलं आणि पार्किंगमध्ये तिकीट नसलेली माणसंही लोटू लागली. १९८९ मध्ये बँडनेच बाहेरची विक्री आणि मुक्काम बंद करायला सांगितलं. फुकट मिळालेली गर्दी एक दिवस बंद होऊ शकते, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्या विक्रेत्यांचा ‘रीच’ एका रात्रीत पडला.

२००१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या जॉनी अर्ल या तरुणाने आपल्या ‘जॉनी कपकेक्स’ या टोपणनावाचे टीशर्ट काढले. तो रेकॉर्डच्या दुकानात नोकरी करायचा आणि एका मेटल बँडमध्ये वाजवायचा. बँडच्या दौऱ्यांत जुन्या, गंजक्या टोयोटाच्या डिकीतून त्याने टीशर्ट विकले. मोठ्या साखळी दुकानांनी माल मागितला, तेव्हा त्याने नाही म्हटलं. २००५ साली हल या किनाऱ्यावरच्या गावात आणि २००६ साली बॉस्टनमध्ये त्याची स्वतःची दुकानं निघाली. ती बेकरीसारखी सजवलेली होती. आत ओव्हन, टीशर्ट केकच्या खोक्यात, आणि केक शोधत येऊन वैतागणारी माणसं. प्रत्येक चित्राचे मोजकेच नग निघायचे. सगळीकडे मिळत नाही म्हणूनच लोक रांग लावायचे. आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हे त्याचं धोरण साधं होतं आणि महाग होतं.

आधी मत, मग छपाई

इंटरनेटने पडून राहणाऱ्या मालावर दोन उपाय काढले.

पहिला शिकागोतून आला. नोव्हेंबर २००० मध्ये जेक निकेल आणि जेकब डीहार्ट यांनी १,००० डॉलरच्या भांडवलावर ‘थ्रेडलेस’ सुरू केलं. कुणीही चित्र पाठवायचं, लोकांनी मत द्यायचं, वर येतील तीच छापायची. सुरुवातीला विजेत्याला बक्षीस म्हणून त्याच चित्राचे दोन टीशर्ट मिळत. ज्यांनी मत दिलं तेच विकत घेत, त्यामुळे किती छापावं याचा अंदाज आधीच हाती यायचा. पुढे व्यवस्थापनाच्या वर्गांत या कंपनीचा अभ्यास होऊ लागला. पण ही सगळी यंत्रणा लोक त्या एका साइटवर येऊन गप्पा मारतात यावर उभी होती. गप्पा हळूहळू मोठ्या सोशल मीडियावर गेल्या. २०१४ साली थ्रेडलेसला कर्मचारी कमी करावे लागले.

दुसरा उपाय कॅलिफोर्नियातल्या ‘कॅफेप्रेस’चा. १९९९ साली निघालेल्या या कंपनीने ऑर्डर आल्यावरच एक नग छापायची पद्धत रुळवली. पुढे कापडावर थेट शाई मारणारे डिजिटल प्रिंटर आले आणि चौकटीचा खर्च गेला. पलंगाखालचं खोकं गेलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे छापण्याआधी दहा वेळा विचार करायची सक्ती.

तिचं काय झालं ते २०१३ च्या मार्चमध्ये दिसलं. ब्रिटिश सरकारने १९३९ मध्ये युद्धकाळासाठी ‘शांत राहा आणि काम चालू ठेवा’ अशा अर्थाचं भित्तिपत्रक सुमारे २५ लाख प्रतींत छापलं होतं, पण ते फारसं लावलंच गेलं नाही. २००० साली ॲल्निक या गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची एक प्रत सापडली आणि त्या वाक्याची लाट आली. ‘सॉलिड गोल्ड बॉम्ब’ नावाच्या छोट्या कंपनीने शब्दकोशातल्या क्रियापदांची यादी संगणकाला दिली. त्याने त्या वाक्याच्या साच्यात शब्द भरून हजारो टीशर्ट तयार केले आणि ॲमेझॉनवर चढवले. त्यात बायकांवर बलात्कार करा, त्यांना मारा, अशा अर्थाचीही वाक्यं निघाली. एकही टीशर्ट प्रत्यक्ष छापलेला नव्हता. कुणी ती वाक्यं वाचलीही नव्हती. संताप उसळला, माल काढून टाकला गेला, कंपनीने माफी मागितली, आणि काही महिन्यांत धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

किंग्ज रोडवर दंड झाला तो केलेल्या कृतीला. इथे कंपनी बुडाली ती कुणीच काही न केल्यामुळे.

आपल्याकडे

आपल्या अंगावरचा कोरा टीशर्ट बहुधा तमिळनाडूतल्या तिरुपूरहून आलेला असतो. तिथले रंगाईचे कारखाने नोय्यल नदीत सांडपाणी सोडत होते. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई केंद्रं बंद करायला लावली. स्वस्त कोऱ्या टीशर्टच्या किमतीत काय काय धरलेलं नसतं, ते त्या नदीकाठी कळतं.

त्यावर छापणारे आपल्याकडेही आले. मुंबईत १९९७ मध्ये जाहिरात क्षेत्रातून आलेल्या रंजीव रामचंदानींनी ‘तंत्रा’ काढलं आणि देशी विनोद छातीवर आणला. आयआयटी मुंबईत शिकलेल्या दोघांनी २०१२ साली ‘बेवकूफ’ सुरू केलं. २०२२ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला.

एकट्यादुकट्या विक्रेत्यापुढे मात्र वेगळीच भिंत होती. २०१७ साली जीएसटी आला. ठरावीक उलाढालीच्या आत असलेल्या स्टॉलवाल्याला नोंदणीची गरज नव्हती. पण तोच माल त्याने ऑनलाइन बाजारपेठेवर टाकला, तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या आत विकणाऱ्या छोट्यांना यातून सूट मिळाली. राज्याबाहेर विकायचं तर नोंदणी साधारणपणे अजूनही लागते. म्हणजे कोल्हापूरहून टीशर्ट नागपूरला बिनबोभाट जातो, शंभरेक किलोमीटरवरच्या बेळगावला नाही. तिकडची छाती मराठी ओळ वाचू शकते, हे कायद्याच्या हिशेबात नाही.

आणि तरीही महाराष्ट्रात छोटा टीशर्टवाला टिकून आहे. आपण त्याला ‘ब्रँड’ म्हणत नाही, एवढंच. तालुक्याच्या गावात पत्रिका आणि पिशव्या छापणारा माणूस श्रावण लागला की गोविंदा पथकांचे, मग गणेश मंडळांचे आणि ढोल-ताशा पथकांचे टीशर्ट छापतो. पुढे मंडळाचं नाव, मागे वर्गणी देणाऱ्या भाऊंचं. साठ पोरं, साठ नग, मापांची यादी आधी हातात. थ्रेडलेसने संगणकावर जे जमवलं ते इथे वहीत जमतं. पडून माल राहत नाही, कारण कोण घालणार हे छापण्याआधीच ठाऊक असतं. शब्द चुकला तर मंडळाचा अध्यक्ष संध्याकाळी दुकानात हजर असतो, त्यामुळे वाचल्याशिवाय काही छापलं जात नाही.

त्याची अडचण अल्गोरिदमची नाही, उधारीची आहे. विसर्जन झालं तरी मागच्या बाजूच्या भाऊंचे पैसे यायचे असतात. त्यासाठी तो दिवाळीपर्यंत खेपा घालतो. पण कुणाच्या दारात खेपा घालायच्या, हे तरी त्याला माहीत असतं.