दुसरी प्रत कुठे ठेवायची?

सर्व्हर रूममध्ये नव्याने आलेल्या मुलांना कॉपी जॉब म्हणजे कॉन्फिगरेशन फाइलमधल्या आठ-दहा ओळी वाटतात. मी कामाला लागलो तेव्हा कॉपी जॉब हा चक्क माणूस होता. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात रात्री डे-एंड झाला की बॅकअप टेपवर उतरायचा. सकाळी ऑपरेटर ती टेप एका ड्राइव्हमध्ये, कोरी टेप दुसऱ्यात घालून नक्कल करायचा, लेबलवर मार्करने तारीख टाकायचा आणि शिपाई पिशवी घेऊन ठाण्याच्या शाखेत पोचवायचा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये पाणी शिरलं आणि कपाटातल्या टेपा भिजल्या. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर ठेवलेल्या कोरड्या राहिल्या. त्यांच्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

नेटवर्कवरून बॅकअप घ्यायची विद्या मात्र त्याच्या बरीच आधीची. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स डा सिल्वा आणि ओलाफुर गुडमुंडसन यांनी ‘अमांडा’ लिहिलं. प्रत्येकाच्या टेबलावर वर्कस्टेशन आलं होतं, डिस्क वाढत होत्या आणि एकेक मशीन धरून टेपवर उतरवायला रात्र पुरत नव्हती. अमांडाने युक्ती काढली: बऱ्याच मशीनचा डेटा एकदमच ओढायचा, आधी एका मोकळ्या ‘होल्डिंग डिस्क’वर साठवायचा आणि तिथून टेपवर सलग लिहायचा.

‘सलग’ महत्त्वाचं. आमच्याकडची एलटीओ-३ची टेप ४०० जीबीची, ड्राइव्ह सेकंदाला ८० एमबी लिहिणारा. म्हणजे दीड तासाच्या आत टेप भरावी. पण १०० मेगाबिटच्या नेटवर्कमधून सेकंदाला जेमतेम १२ एमबी यायचे. त्या हिशेबाने तीच टेप नऊ तासांनी भरणार. शिवाय डेटा कमी पडला की ड्राइव्ह थांबतो, टेप थोडी मागे घेतो, पुन्हा पळवतो. बूट पॉलिश करणाऱ्याच्या हातासारखं हे पुढे-मागे चाललं की टेपही झिजते आणि हेडही. रात्रीच्या शांततेत ती घरघर बाहेरच्या पॅसेजपर्यंत ऐकू यायची. अशा वेळी दुसऱ्या प्रतीसाठी सर्व्हर पुन्हा वाचायचा विचारही कोणी करत नसे. दुसरी प्रत पहिल्या प्रतीवरूनच काढायची, आणि दिवसा काढायची. ऑपरेटर हातांनी तेच करत होता.

हे काम पुढे सॉफ्टवेअरने घेतलं. कर्न सिबाल्ड यांनी २००० साली ‘बॅक्युला’ लिहायला घेतलं. २००२मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. २००९च्या ३.० आवृत्तीत कॉपी जॉब आला. जॉबचा प्रकार ‘कॉपी’ लिहायचा, कुठल्या पूलमधून, म्हणजे टेपांच्या कुठल्या गटातून, वाचायचं ते सांगायचं आणि निवडीच्या ओळीत ‘पूल अनकॉपीड जॉब्ज’ टाकायचं. मग त्या पूलमधले नक्कल न झालेले सगळे जॉब ते स्वतःच हुडकून काढतं. प्रत कुठे उतरायची ते मूळ पूलच्या व्याख्येत ‘नेक्स्ट पूल’ लिहून ठरतं. कॅटलॉगमध्ये, म्हणजे बॅक्युलाच्या नोंदवहीत, या प्रतीची नोंद वेगळी असते आणि रिस्टोअर करताना एरवी तिला कोणी विचारत नाही. मूळ जॉबची नोंद कॅटलॉगमधून गेली की ती प्रतच बॅकअप म्हणून बढती घेते. एक गोष्ट मात्र विसरायची नाही: बॅकअपमध्ये जे सुटलंय, ते कॉपीतही सुटलेलं असणार. कॉपी जॉब सर्व्हरकडे बघतच नाही.

पण सुरुवातीला वाचायचं नि लिहायचं डिव्हाइस एकाच स्टोरेज डीमनच्या, म्हणजे टेप-डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या, हाताखाली असावं लागे. म्हणजे नक्कल आपोआप व्हायची, पण बहुतेक वेळा त्याच खोलीत. ऑपरेटरचं काम गेलं, पिशवीवाल्याचं राहिलं. एका स्टोरेज डीमनकडून दुसऱ्याकडे, थेट वेगळ्या गावी, प्रत पाठवायची सोय २०१४च्या ७.० आवृत्तीत झाली.

मग पिशवीही सुटली आणि एक नवीच पंचाईत उभी राहिली. जून २०१७मध्ये ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत घुसला. तिचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारे सर्व्हर, जगभर पसरलेले आणि एकमेकांशी सतत सिंक होणारे. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. व्हायरसने ते एकदमच पुसले. वाचला तो घानातला एक, कारण तिथली वीज गेली होती आणि त्यामुळे तो नेटवर्कवर नव्हता. तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून घानाच्या माणसाने त्याची हार्ड डिस्क नायजेरियात नेऊन दिली आणि तिथून दुसऱ्याने ती इंग्लंडला पोचवली. इतक्या प्रगतीनंतर कंपनीला वाचवलं ते पिशवीवाल्यानेच.

नक्कल काढणं दरवर्षी सोपं होत आलंय. ती मूळ प्रतीच्या नशिबापासून तोडणं, हे या धंद्यातलं खरं काम, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर आपण सांगितल्याशिवाय करत नाही. म्हणून कुणाची कॉन्फिगरेशन तपासायला बसलो की मी ‘नेक्स्ट पूल’च्या ओळीवर थांबतो. तो पूल कुठल्या इमारतीत आहे? त्याला वीज कुठून येते? त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे? तिन्ही उत्तरं पहिल्या पूलचीच आली, तर ती दुसरी प्रत नव्हे. पहिलीच दोनदा मोजलेली.